भावकीचे दावे आणि मध्यस्थी: निकालाची वाट न पाहता वाद कसा मिटतो

कोकणातल्या जुन्या बागेचा सातबारा काढला तर भोगवटादारांच्या रकान्यात नावांची रांग लागते. पणजोबांच्या चार मुलांचा विस्तार, त्यांची मुलं, नातवंडं, लग्न होऊन गेलेल्या आत्या. त्यातली निम्मी माणसं मयत, आणि त्यांच्या वारसांची नोंद अजून झालेली नाही. गावात राहणारी घरं दोन-तीन. बाकीचे डोंबिवली, विरार, भांडुपला, काही आखातात. जमीन सामायिक, विहीर सामायिक, पाणंद सामायिक, आणि गणपतीही एकाच घरात बसतो. अशा ठिकाणी दावा लागला की गुंतते ती सगळी भावकी.

मी किनारपट्टीवरच्या एका तालुका कोर्टात वकिली करते. पक्षकार पहिल्यांदा भेटायला येतो तेव्हा त्याला हवं असतं ते एवढंच: "वकीलबाई, त्याला एकदा कोर्टात उभा करा." दावा लावणं हा त्याचा हक्क आहे, आणि काही वेळा दुसरा इलाज नसतोच. पण दावा लावण्याआधी, किंवा लावल्यानंतरही, आणखी एक रस्ता कायद्याने खुला ठेवला आहे हे बहुतेकांना ठाऊक नसतं. तो म्हणजे मध्यस्थी. तिच्याबद्दल गैरसमज फार आहेत. कोणी म्हणतं ती म्हणजे माघार, कोणी म्हणतं गावकीच्या बैठकीचाच सरकारी प्रकार, कोणी म्हणतं कागदाला किंमत नाही. तिन्ही खोटं आहे.

दावा इतका का लांबतो

वाटपाच्या दाव्यात प्रत्येक सहहिस्सेदाराला पक्षकार करावं लागतं. प्रत्येकाला समन्स बजावलं गेलं पाहिजे. मुंबईचा पत्ता जुन्या चाळीचा निघाला, चाळ पडून तिथे टॉवर उभा राहिला, की समन्स परत. दावा चालू असताना कोणी वारलं की त्याचे वारस रेकॉर्डवर आणायचे, त्यांना पुन्हा समन्स. मग कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर), मुद्दे, पुरावा, उलटतपास, युक्तिवाद, निकाल. निकालावर अपील. अपील संपल्यावर दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याची प्रत्यक्ष अंमलबजावणी. शेतसारा भरणाऱ्या जमिनीचं सरसनिरस, म्हणजे कस आणि मोजमाप बघून, वाटप करायचं तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे कागद जिल्हाधिकाऱ्यांकडे जातात, तिथून मोजणीला. आजोबांनी लावलेल्या दाव्याचा ताबा नातवाने घेतला, ही आमच्याकडे नवलाची गोष्ट नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं आणि रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या पक्षकारांची मुंबईची खेप वाचली. ही मोठी सोय आहे. पण दाव्याच्या पायऱ्या तेवढ्याच राहिल्या.

वेळेपेक्षाही मोठी अडचण वेगळी आहे. कोर्ट जे विचारलंय तेवढ्याचंच उत्तर देऊ शकतं. वाटेचा हक्क आहे की नाही, हिस्सा एक-चतुर्थांश की एक-षष्ठांश, गडगा (दगडी कुंपण) हद्दीत आहे की हद्दीबाहेर. त्यापलीकडे न्यायाधीशांना कितीही दिसत असलं तरी निकालात लिहिता येत नाही. पक्षकार मात्र त्या निकालानंतरही त्याच विहिरीवर पाणी भरणार असतात.

मध्यस्थ कोण आणि तो काय करतो

मध्यस्थ निकाल देत नाही. हे एक वाक्य नीट बसलं की पुढचं सगळं सोपं जातं. तो कोणाचं बरोबर, कोणाचं चूक हे सांगत नाही, तडजोड लादत नाही, आणि मिटलं नाही तर कोणावर ठपका ठेवत नाही. दोन्ही बाजूंना एका टेबलाशी बसवून, बोलतं करून, खरा अडसर कुठे आहे तो शोधायला मदत करणं हे त्याचं काम. ठरवायचं ते पक्षकारांनीच. एकाने जरी नाही म्हटलं तरी मध्यस्थी तिथे थांबते आणि दावा जिथे होता तिथून पुढे चालू लागतो. काही गमावलेलं नसतं.

लवादाशी याची गल्लत होते. लवाद ही खाजगी न्यायाधीशासारखी व्यवस्था. तो पुरावा पाहून निवाडा देतो आणि तो बांधील असतो. लोकअदालतही वेगळी. तिथे एका दिवसात बरीच प्रकरणं पॅनेलसमोर येतात. बँकेची थकबाकी, वीजबिल, मोटार अपघाताची भरपाई, चेक न वटल्याची प्रकरणं तिथे पटकन निघतात. पण भावाभावांतलं दुखणं लोकअदालतीच्या गर्दीत वीस मिनिटांत उलगडत नाही. त्याला दोन-तीन बैठका, बंद खोली आणि ऐकून घेणारं माणूस लागतं.

कोर्टाकडून नेमले जाणारे मध्यस्थ हे बहुधा अनुभवी वकील, न्यायाधीश किंवा निवृत्त न्यायाधीश असतात. सर्वोच्च न्यायालयाच्या मध्यस्थी समितीने ठरवून दिलेलं ४० तासांचं प्रशिक्षण त्यांनी घेतलेलं असतं. त्या प्रशिक्षणात सगळ्यात जास्त भर कशावर असतो, तर ऐकण्यावर. वकिलाला ते शिकावं लागतं, कारण आमची सवय समोरच्याचं वाक्य संपायच्या आत हरकत घ्यायची.

गावकीशी होणारी तुलना जरा सविस्तर बघायला हवी, कारण कोकणात ती सगळ्यात जवळची आणि सगळ्यात फसवी आहे. गावकी बसते तेव्हा तिथे मानकरी असतात, वडीलधारे असतात, आणि निवाडा होतो. न मानणाऱ्याला वाळीत टाकायचं, त्याच्या घरी लग्न-मयताला जायचं नाही, पालखी त्याच्या दारात थांबवायची नाही. रायगड आणि रत्नागिरीत अशी प्रकरणं इतकी पुढे आली की राज्याला सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. २०१६ चा हा कायदा जुलै २०१७ पासून लागू आहे आणि त्यात ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. मध्यस्थीत या दबावाला जागा नाही. गावकीत सगळ्यांसमोर बोलावं लागतं, आणि सगळ्यांसमोर माणूस मागे येत नाही. मध्यस्थीत दार बंद असतं.

२००७ च्या १५ ऑगस्टला सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेमुळे गावातच तंटा मिटवायची सवय पुष्कळ गावांना लागली. त्या समित्यांनी किरकोळ भांडणं मिटवली, हे मी पाहिलं आहे. पण तिथे झालेला कागद आणि कोर्टामार्फत झालेल्या मध्यस्थीचा कागद यांची कायद्यातली ताकद सारखी नाही. त्याकडे पुढे येतेच.

एका वाटेची मध्यस्थी

नेहमी येणाऱ्या प्रकरणांतून जुळवलेलं एक उदाहरण घेऊ. दोन चुलत भाऊ. थोरल्याची काजूची आणि आंब्याची बाग धाकट्याच्या घरामागे. बागेत जायची वाट धाकट्याच्या अंगणातून. एका पावसाळ्याआधी धाकट्याने चिऱ्याचा गडगा घालून वाट बंद केली. थोरल्याने दावा लावला: ही आमची वहिवाटीची वाट, वडिलांच्या काळापासूनची.

कोर्टात याचा प्रश्न होतो भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ चा. वाट उघडपणे, शांततेने, हक्क म्हणून, खंड न पडता २० वर्षं वापरली का? मग साक्षीदार आणायचे, तेही गावातलेच. ज्याने एकासाठी साक्ष दिली तो दुसऱ्याच्या मनातून उतरला. कोर्ट कमिशनर येऊन जागा बघणार, नकाशा काढणार. शेवटी उत्तर दोनपैकी एक: गडगा पाडा, किंवा गडगा राहू द्या.

मध्यस्थीच्या खोलीत यांपैकी काहीच नसतं. उंच आसन नाही, साक्षीदाराचा पिंजरा नाही, शपथ नाही. टेबल, खुर्च्या, पाण्याचा तांब्या. मध्यस्थ सुरुवातीला नियम सांगतो: प्रत्येकाने पूर्ण बोलायचं, मध्ये तोडायचं नाही, इथलं बोलणं इथेच राहील. पहिला अर्धा तास दोघंही एकमेकांकडे न बघता मध्यस्थाशीच बोलतात. वाटेची रुंदी, आजोबांनी लावलेला फणस, सातबाऱ्यावरची नोंद. तेच, जे दाव्यात लिहिलेलं आहे.

मग मध्यस्थ दोघांना वेगवेगळं भेटतो. या स्वतंत्र बैठका म्हणजे मध्यस्थीचा गाभा. एका पक्षाने इथे सांगितलेली गोष्ट त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्या पक्षाला सांगायची नाही, हे बंधन मध्यस्थावर असतं. त्यामुळे माणूस वेगळं बोलतो. थोरला बराच वेळ गप्प राहून म्हणतो, "वाट रवांदे बाजूक. आवशीच्या बाराव्याक ह्यो इलो नाय, तेचा काय?" (वाट राहू दे बाजूला. आईच्या बाराव्याला हा आला नाही, त्याचं काय?)

धाकट्याच्या बैठकीत निघतं ते निराळंच. त्याला पायवाटेचा राग नाही. थोरल्याने दोन खोल्या पर्यटकांना द्यायला सुरुवात केली, आणि शनिवार-रविवारी रात्री बारा वाजता पुण्या-मुंबईच्या गाड्या त्याच्या अंगणातून, पडवीत झोपलेल्या म्हाताऱ्या वडिलांच्या डोक्याशी हॉर्न वाजवत जाऊ लागल्या. दोनदा सांगून पाहिलं. तिसऱ्यांदा गडगा घातला. आणि बाराव्याचं विचारलं तर कळतं की निरोप त्याला पोचला तो तेराव्या दिवशी, कारण ज्याच्याकडे निरोप दिला होता तो तिसराच भाऊ मुंबईला निघून गेला होता.

यातलं काहीही दाव्यात नव्हतं, कैफियतीतही नव्हतं, आणि येऊही शकलं नसतं. वहिवाटीच्या दाव्यात बारावं हा मुद्दा होत नाही. पण तो बोलून झाल्याशिवाय फुटाइंचांची चर्चा सुरूच झाली नसती.

आता मध्यस्थ प्रश्न विचारू लागतो. थोरल्याला: दावा जिंकलात, गडगा पाडलात, तर मार्चमध्ये काजूची पोती त्याच्या दारावरून नेताना काय होईल? धाकट्याला: तुमच्या माडांना पाणी कुठून येतं? येतं थोरल्याच्या विहिरीवरच्या पंपातून, आणि त्याबद्दल कुठेही कागद नाही. कोर्टात वाट गेली तर उद्या पाणीही जाईल, हे धाकट्याला तिथे बसल्या बसल्या दिसतं. मध्यस्थाने ते सांगायची गरज पडत नाही.

इथून पुढची वाटाघाट म्हणजे देवाणघेवाण. अंगणाच्या मधून नाही, उत्तरेच्या हद्दीलगत वाट. पर्यटकांच्या गाड्या रस्त्यालगत थोरल्याच्याच जागेत थांबतील, अंगणातून जाणार नाहीत. हंगामात टेम्पो दिवसा येईल. गडगा हलवायचा खर्च निम्मा-निम्मा. विहिरीचं पाणी ठरलेल्या वेळी, विजेच्या बिलात धाकट्याचा वाटा. निकाल देणाऱ्या न्यायाधीशाला पंप आणि पर्यटकांच्या गाड्या या दाव्यात आणताच आल्या नसत्या. मध्यस्थीचा मला वाटणारा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे. वेळ आणि पैसा वाचतो हे खरंच, पण ते त्यानंतर.

खोलीतलं बोलणं बाहेर जात नाही

लोक बोलायला घाबरतात त्याचं कारण रास्त आहे. "मी चार फूट सोडायला तयार आहे म्हटलं, आणि उद्या कोर्टात तेच माझ्यावर उलटवलं तर?" तसं करता येत नाही. मध्यस्थीत केलेलं विधान, दिलेली ऑफर, मान्य केलेली चूक पुरावा म्हणून वापरता येत नाही. मध्यस्थाला साक्षीदार म्हणून बोलावता येत नाही. मध्यस्थी फसली तर मध्यस्थ कोर्टाला फक्त एवढंच कळवतो की तडजोड झाली नाही. का झाली नाही, कोण अडून बसलं, हे लिहायचं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलेलं आहे. २०२३ च्या मध्यस्थी अधिनियमातही गुप्ततेची स्वतंत्र तरतूद आहे.

कागद कसा लिहायचा

मिटलेली प्रकरणं पुन्हा का उभी राहतात, तर कागद ढिला लिहिलेला असतो. मी पाहिलेली बहुतेक फसलेली तडजोडपत्रं एकाच प्रकारच्या वाक्यामुळे फसली: "दोन्ही पक्ष सदर वाटेचा वापर सामंजस्याने करतील." हे वाचायला छान वाटतं आणि पहिल्याच पावसाळ्यात निरुपयोगी ठरतं. सामंजस्य म्हणजे काय, हेच तर भांडण होतं.

त्याऐवजी असं हवं: वाट अमुक गट क्रमांकाच्या उत्तर हद्दीलगत, पूर्वेकडच्या रस्त्यापासून पश्चिमेच्या बागेपर्यंत, आठ फूट रुंद, सोबतच्या नकाशात लाल रेषेने दाखवलेली. चालत आणि बैलगाडी किंवा दुचाकीने केव्हाही. टेम्पो १ मार्च ते १० जून या काळात, सकाळी सात ते संध्याकाळी सात. गडगा हलवण्याचं काम अमुक तारखेच्या आत. वाटेची डागडुजी दर वर्षी ३१ मेपूर्वी, खर्च समान. एका पक्षाने खर्च दिला नाही तर काय, तेही. अनोळखी माणसाने कागद हातात घेऊन जागेवर उभं राहिलं तर त्याला वाट दिसली पाहिजे. शक्य असेल तर आधी भूमी अभिलेखाकडून मोजणी करून घ्या आणि तो नकाशा जोडा. मोजणीची फी वाचवून केलेली तडजोड पुढे फार महाग पडते.

आणि सह्या. ज्यांचा ज्यांचा हक्क आहे त्या सगळ्यांच्या. आखातातल्या भावाचं रीतसर मुखत्यारपत्र हवं. "तो फोनवर हो म्हणाला" चालत नाही.

इथे बहिणींबद्दल बोललंच पाहिजे. भावकी मिटली म्हणतात तेव्हा टेबलाशी भाऊच बसलेले असतात, आणि बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतलेल्या असतात, कधी माहेर तुटेल या भीतीपोटी, कधी न वाचता. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू कुटुंबातली मुलगी मुलासारखीच जन्माने सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेची हिस्सेदार, झाली, आणि २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्यासाठी २००५ साली वडील हयात असण्याची गरज नाही. बहिणीला हिस्सा नको असेल, तर तो तिचा निर्णय. पण तो तिने मध्यस्थासमोर, आपला हिस्सा किती आणि त्याची किंमत काय हे समजून घेऊन, भावांच्या अनुपस्थितीत सांगितलेला असावा. चांगला मध्यस्थ तिला वेगळं भेटल्याशिवाय पुढे जात नाही. भेटत नसेल तर तिच्या वकिलाने तसा आग्रह धरावा.

कागदाची ताकद

दावा चालू असताना कोर्टाने प्रकरण मध्यस्थीकडे पाठवलं आणि मिटलं, तर तडजोडपत्र कोर्टासमोर येतं. ते कायदेशीर आहे आणि सगळ्यांनी राजीखुशीने केलं आहे याची खात्री करून कोर्ट त्याप्रमाणे हुकूमनामा करतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २३, नियम ३ मध्ये ही तरतूद आहे. संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर अपील चालत नाही. एकाने शब्द फिरवला तर दुसरा थेट दरखास्त दाखल करू शकतो. पुन्हा दावा लावायची गरज नाही. लोकअदालतीच्या निवाड्यालाही हुकूमनाम्याचाच दर्जा आहे आणि त्यावरही अपील नाही. दाव्यासाठी भरलेली कोर्ट फी परत मिळण्याची सोय आहे. त्यासाठी वकिलाला आठवणीने अर्ज करायला सांगा.

दावा लावण्याआधी मिटवायचं असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत मध्यस्थी करून तडजोड लोकअदालतीसमोर ठेवता येते. २०२३ च्या अधिनियमात मध्यस्थीतल्या तडजोडीला हुकूमनाम्यासारखी अंमलबजावणी दिली आहे आणि मध्यस्थी १२० दिवसांत, फार तर दोघांच्या संमतीने आणखी ६० दिवसांत संपवायची अशी मुदतही घातली आहे. या कायद्याची कलमं टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत, त्यामुळे कोर्टाबाहेर खाजगी मध्यस्थाकडे जाणार असाल तर आपल्या प्रकरणाला कोणतं कलम आज लागू आहे ते आधी विचारून घ्या.

व्यापारी स्वरूपाचा आणि ३ लाख रुपये किंवा त्याहून अधिक किमतीचा दावा असेल, तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल, तर आधी मध्यस्थीचा प्रयत्न करणं सक्तीचंच आहे. तो केला नाही तर दावाच फेटाळला जाऊ शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं. बोटीचं इंजिन, बर्फाचा कारखाना, काजू प्रक्रियेची यंत्रं अशा खरेदी-विक्रीत अडकलेल्यांनी हे लक्षात ठेवावं.

तडजोड कायद्याच्या विरुद्ध मात्र असता येत नाही. दोन भाऊ कितीही राजी असले तरी सीआरझेडमध्ये (किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या नियमांत) बसत नसलेलं बांधकाम त्यांच्या सहीने कायदेशीर होत नाही. कुळकायद्याच्या अटी, तुकडेबंदी, अज्ञान मुलाचा हिस्सा या सगळ्याला तेच लागू. दाव्यातल्या अज्ञान पक्षकाराच्या वतीने तडजोड करायची तर कोर्टाची परवानगी लागतेच. दाव्याबाहेरची जमीन तडजोडीत आणली तर नोंदणी आणि मुद्रांक शुल्काचा प्रश्न येतो.

कुठे मध्यस्थी नको

मध्यस्थीवर माझा विश्वास आहे, म्हणूनच हे सांगते. जिथे मारहाण होते, जिथे बाई नवऱ्यासमोर तोंड उघडायला घाबरते, तिथे "एकत्र बसून बोला" हा सल्ला क्रूर असतो. आधी संरक्षणाचा आदेश, मग बाकीचं, आणि तेही तिला हवं असेल तर. वाळीत टाकल्याच्या प्रकरणात "गावाशी जुळवून घ्या" म्हणणं हे बहिष्कार टाकणाऱ्यांचंच काम सोपं करणं आहे. खोटं मुखत्यारपत्र, बनावट सही, परस्पर केलेलं खरेदीखत असा गंभीर फसवणुकीचा आरोप असेल तर पुरावा व्हायला हवा, आणि तो कोर्टातच होतो. २०१० च्या एका महत्त्वाच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कोणती प्रकरणं मध्यस्थीला योग्य आणि कोणती नाहीत हे उलगडून सांगितलं. गंभीर फसवणूक, फौजदारी गुन्हे, निवडणुकीचे वाद ही त्यात दुसऱ्या बाजूला आहेत. आपसात मिटवता येणारे गुन्हे आणि चेक न वटल्याची प्रकरणं मात्र कोर्ट मध्यस्थीकडे पाठवतं.

पर्ससीन (मोठ्या वेढा जाळ्याने मासेमारी करणारे) आणि पारंपरिक मच्छीमार यांचा वाद हा सरकारी नियमांच्या अंमलबजावणीचा आहे. तो दोन माणसांत बसून सुटणारा नाही. नौकामालक आणि खलाशी यांच्यातला वाट्याचा हिशेब मात्र मध्यस्थीत उत्तम सुटतो.

समोरचा उद्या जेसीबी आणणार असेल, झाडं तोडणार असेल, तर आधी मनाई हुकूम मागा. तो मागितला म्हणून मध्यस्थीचं दार बंद होत नाही. आणि बोलणी चालू आहेत म्हणून दाव्याची मुदत आपोआप थांबली असं धरून बसू नका. काही जण मुद्दामच बोलणी ताणतात. तारीख वकिलाकडून लिहून घ्या.

मागायची कशी

दावा चालू असेल तर वकिलामार्फत मध्यस्थीसाठी अर्ज किंवा पुरशीस (कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन) द्या. कैफियत दाखल झाल्यावर कोर्ट स्वतःही दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९ खाली विचारतं. दावा नसेल तर अलिबाग, रत्नागिरी किंवा ओरोसच्या जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे, नाहीतर तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे जा. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते. कोर्टामार्फतच्या मध्यस्थीत मध्यस्थाची फी पक्षकाराला द्यावी लागत नाही. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीतले लोक, दिव्यांग यांना, तसंच राज्यात ३ लाख रुपयांच्या आत वार्षिक उत्पन्न असणाऱ्यांना वकीलही मोफत मिळतो. १ जुलै २०२५ पासून ९० दिवस देशभर राबवलेल्या मध्यस्थी मोहिमेत तालुका कोर्टांपर्यंतची जुनी प्रकरणं पुढे आणली गेली. ती मोहीम संपली तरी सोय कायम आहे.

तारीख मागताना कोकणाचं वेळापत्रक बघा. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला गावी असतात. बाकी वर्षभर एकेकाची रजा जुळवताना महिने जातात. मेमध्ये सगळे येतात, पण तेव्हा कोर्टाची उन्हाळी सुट्टी असते. म्हणून गणपतीच्या आधीच अर्ज देऊन, ते परतण्याआधीचे कामाचे दिवस मागून घ्यावेत. प्रत्यक्ष येणं जमत नसेल त्याला, दोन्ही बाजूंची संमती असल्यास, व्हिडिओवरूनही बसता येतं.

वकिलाला सोबत न्या. तो तिथे भांडायला नाही, तर तुम्ही काय सोडताय आणि त्याची कायद्यात किंमत काय हे कानात सांगायला. आणि पिशवीत हे असू द्या: चालू सातबारा आणि आठ-अ, जुने फेरफार, मोजणी झाली असेल तर तिची क प्रत (मोजणीचा नकाशा), वाटेचे आणि गडग्याचे फोटो, आणि एका कागदावर सगळ्या हिस्सेदारांची नावं, नाती, सध्याचे पत्ते आणि फोन नंबर. बहिणींचे आणि त्यांच्या मुलांचेही.